पाकीट तुम्हीच फाडा

विजू,

तुझ्या तेराव्याच्या पंगतीत माझ्या आधी तुझे पेशंट बसले होते. तीस वर्षांची मैत्रीण म्हणून जरा पुढे जाऊन बसावं असं मनात होतं, पण अंबरपेठेतल्या तुमच्या त्या छोट्या हॉलमध्ये तुझ्या गल्लीतला इस्त्रीवाला, समोरच्या शाळेतल्या दोन शिक्षिका आणि कोपऱ्यावरच्या मिर्चीभजीवाल्याचं अख्खं कुटुंब आधीच पानावर होतं. मी दातांची डॉक्टर. मला माणसाचा चेहरा दिसायच्या आधी दात दिसतात. ती कॅप विजूची, तो ब्रिज विजूचा, त्या म्हातारीची खालची कवळी विजूची, असं मी रांगेने मोजत गेले आणि माझं पान तसंच राहिलं. जिवंत असताना तुझी वेटिंग रूम भरलेली असायची हे मी कसंबसं सोसलं होतं. गेल्यावरसुद्धा ती भरलेलीच?

हेवा वाटला मला. तुझ्या तेराव्याला, तुझ्या फोटोसमोर. लिहितानाही लाज वाटतेय, पण तुझ्याशी आता खोटं बोलून काय मिळणार आहे? एकदा एक खोटं बोलले होते, तुझ्याशी नाही, तुझ्या पेशंटशी, आणि ते तुला सांगायचं राहून गेलं. त्यासाठीच लिहायला बसलेय. आधी भांडू दे थोडं, मग तिकडे येते.

इथे हैदराबादच्या कॉलेजात आपल्या वर्गात मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच, म्हणून एकमेकींच्या गळ्यात पडलो. नाहीतर तुझं माझं जमण्यासारखं काय होतं? मी हुशार आणि चटपटीत, तू चेंगट. एक दाढ भरायला तुला एवढा वेळ लागायचा की सर म्हणायचे, "विजया, पेशंटला अक्कलदाढ फुटायच्या आत संपव." सगळा वर्ग हसायचा, सगळ्यात मोठ्याने मी. परीक्षेत पहिली मी आले, बक्षीस मला मिळालं. तू टाळ्या वाजवल्यास, त्याही अगदी मनापासून, आणि मला तेव्हाच तुझा राग आला होता. हरलेल्या माणसाने थोडं तरी तोंड वाकडं करावं की नाही?

मग मी चिक्कडपल्लीत दवाखाना टाकला, भर बाजारात, पाटी लांबून दिसेल असा. तू अंबरपेठेत, आतल्या गल्लीत, किराणा दुकानाच्या वर. मी म्हटलं, हिच्याकडे कोण जाणार? वर्षभरात लोक तुझा जिना चढायला लागले. माझ्याकडे पेशंट यायचे, दात काढून घ्यायचे आणि जायचे. तुझ्याकडे यायचे ते यायचेच. येताना बहिणीला आणायचे, सासूला आणायचे.

एकदा तुझं काय चाललंय ते बघायला म्हणून मी मुद्दाम आले. सांगितलं होतं, सहज आलेय. खुर्चीत एक बाई बसली होती, घाबरलेली. तू आधी त्या खुर्चीसमोरच्या बेसिनवर हात धुतलेस. बेसिन तू मुद्दाम पेशंटला दिसेल असं समोर बसवून घेतलं होतंस. हात धुवायला तुला जो वेळ लागला त्यात मी एक दात काढला असता. मग नवे ग्लोव्हज तिच्या डोळ्यांदेखत घातलेस. मग यादम्माने, तुझ्या जन्माच्या सहकारिणीने, ऑटोक्लेव्हच्या यंत्रातून वाफेने निर्जंतुक होऊन निघालेलं हत्यारांचं बंद पाकीट आणलं, आणि तू ते फाडलं नाहीस. त्या बाईच्या हातात दिलंस.

"ये पट्टी देखो," तू म्हणालीस. "आधी गुलाबी होती. वाफ नीट लागली की काळी होते. काली है ना? मग पाकीट तुम्हीच फाडा."

ती बाई आधी पट्टीकडे बघत राहिली, मग तुझ्याकडे. मग तिने पाकीट फाडलं आणि तिचे खांदे खाली आले. मी बघितलं ते. भुलीचं इंजेक्शन द्यायच्या आधीच तुझा पेशंट अर्धा शांत व्हायचा. काम झाल्यावर यादम्मा ती पट्टी कापून त्या बाईच्या कार्डावर चिकटवायची, तारखेसकट. त्यामुळे तुझ्याकडची कार्डं दिवाळी अंकासारखी फुगलेली असायची.

"हा कसला तमाशा?" मी नंतर तुला म्हटलं.

"तमाशा कसला? त्याच्या तोंडात जाणार आहे, त्याला बघू दे."

"पेशंटला काय कळतं त्यातलं?"

"काळं की गुलाबी एवढं कळतं की."

"आणि एखाद्याने म्हटलं की काळी नाही झाली?"

"मग पुन्हा लावायचं. त्याला थांबायला सांगायचं."

हे भांडण आपण किती वर्षं केलं! पंचवीस तरी. माझं म्हणणं, विश्वास ठेवायचा असेल तर डॉक्टरवर ठेवावा, पाकिटावर कशाला? तुझं म्हणणं, आपण विश्वास मागू नये, दाखवावं. दर वेळी तू चहा ओतायला उठायचीस आणि भांडण अर्धंच राहायचं. तुझा तो आलं घातलेला पांचट चहा. तोसुद्धा तुझे पेशंट आवडीने प्यायचे म्हणे.

आणि माझी आई! तो घाव अजून ओला आहे, विजू. माझी सख्खी आई, जिची मुलगी दातांची डॉक्टर, घरापासून चार पावलांवर जिचा दवाखाना, ती देवळात जाते म्हणून सांगून रिक्षा करून अंबरपेठेला यायची. कवळी तुझ्याकडून करून घेतली! मला कधी कळलं? एके दिवशी जेवताना तिने कडक भाकरीचा तुकडा सहज मोडून चावला तेव्हा. मी म्हटलं, आई, तोंड उघड बघू. ती तोंड मिटून बसली, लहान मुलासारखी. उघडल्यावर मी पहिल्या नजरेत ओळखलं. तुझा तो पुढच्या दातांना हलका पिवळसर रंग देण्याचा सोस, खरे वाटावेत म्हणून.

"माझ्याकडे का नाही आलीस?" मी विचारलं.

"तुझा हात चांगला आहे ग," आई म्हणाली, "पण तुला जल्दी फार. तिच्यासमोर तोंड उघडायला भीती वाटत नाही."

तेव्हापासून रोज दोन वेळा माझ्या ताटावर, माझ्या हातचा स्वयंपाक, आई तुझ्या दातांनी चावते. तू गेल्याचं कळलं तेव्हा ती अशी काही रडली की मी तिच्याकडे बघतच राहिले. माझ्यासाठी ती एवढी रडेल का, हा विचार माझ्या मनात आला. असली मी.

तरी तुझी नक्कल मी केलीच. आठवड्यात दोन पेशंटांनी "वो अंबरपेटवाले डॉक्टरम्मा पाकीट अपने हाथ में देते" असं ऐकवल्यावर मी यंत्र बदललं, पट्टीवाली पाकिटं आणली आणि पेशंटच्या हातात द्यायला लागले. पट्ट्या चिकटवायचा खटाटोप मात्र केला नाही. भिंतीवर स्वच्छतेची एक पाटी लावली, तुझ्याकडे नव्हती तशी. आणि खरं सांगते, पाकीट पेशंटच्या हातात देताना माझं लक्ष पट्टीकडे नसायचंच. त्याच्या चेहऱ्याकडे असायचं, खूश झाला का बघायला.

चार वर्षांपूर्वी तू मुलीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेलीस आणि तुझा दवाखाना तीन आठवडे बंद होता. मे महिना. दुपारी नरसिंगराव माझ्या दारात उभे. तारनाक्याचे, रेल्वेतून निवृत्त झालेले, दर सहा महिन्यांनी तुझ्याकडे न चुकता येणारे. गाल सुजून डोळ्यापर्यंत आलेला. मला सूज दिसायच्या आधी हे दिसलं की तुझा पेशंट माझ्या पायरीवर आलाय. आनंद झाला मला. माणूस वेदनेने कण्हतोय आणि मला आनंद!

माझी असिस्टंट त्या दिवशी रजेवर होती, सगळं मीच करत होते. यंत्र लावलं आणि मध्येच करंट गेला. आला पाच मिनिटांत, पण तुला माहीतच आहे, असं मध्ये बंद पडलं की पहिल्यापासून पुन्हा लावायचं. अर्धा तास. बाहेर तिघं बसलेले, आत नरसिंगराव गाल धरून. मी झाकण उघडलं. पाकिटं गरम होती, ओली होती. मनाशी म्हटलं, वाफ तर लागलीय. गरम आहे म्हणजे झालंच असेल. माझ्या अख्ख्या शिक्षणावर मी त्या एका क्षणात पाणी सोडलं, आणि ते पाकीट, सवयीप्रमाणे, त्यांच्या हातात दिलं.

तूच तयार केलेला माणूस तो. त्यांनी सुजलेल्या गालावरून चष्मा चढवला आणि पट्टी उजेडात धरली.

"डॉक्टरम्मा, ये पट्टी काली नै हुई."

खरंच नव्हती. गुलाबीच होती, कडेला जराशी करडी. आता तू काय केलं असतंस ते मला माहीत आहे. पुन्हा लावलं असतंस, त्यांना थांबायला सांगितलं असतंस, बाहेरच्या तिघांनाही. मला ते सुचलं नाही असं नाही. सुचलं. पण 'अंबरपेठेत असं कधी झालं नाही' हे त्यांनी मनात म्हटलं तर? उद्या तुला येऊन सांगितलं तर? एवढ्यासाठी, विजू, निव्वळ एवढ्यासाठी मी म्हणाले, "वो कंपनी अलग है. इसमें इत्ताइच रंग आता."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग "आप बोलते तो ठीक है" म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने पाकीट फाडून मला दिलं.

काम उत्तम झालं. पू निघाला, दात निघाला, दुखलं नाही. जाताना हात जोडून गेले. ते गेल्यावर उरलेली पाकिटं मी पुन्हा लावली. सगळ्या पट्ट्या कोळशासारख्या काळ्या निघाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस करंट गेला की मी हातातलं टाकून यंत्राकडे धावायचे. त्यांना फोन करून रक्ताची तपासणी करून घ्या, काही संसर्ग नाही ना बघा, म्हणावं असं दहादा वाटलं. नंबर काढायचा, ठेवायचा. मग तू बंगळूरहून आलीस.

डिंकाचे लाडू घेऊन तू माझ्या दवाखान्यात आलीस, ते आठवतं? नातीचा फोटो दाखवलास, लाडू दिलास, आणि मग माझ्या यंत्राकडे बघत म्हणालीस, "करंट गेला की तू काय करतेस ग?"

मी भडकले. म्हटलं, "तपासणीला आलीस का? तुझ्या गल्लीत करंट जात नाही वाटतं!" बराच वेळ लाडवाचा डबा बंद करत बसलीस. मग म्हणालीस, "जातो ना. मला तर रोज भीती वाटते." एवढंच म्हणून उठलीस. पुढच्या आठवड्यात मी इन्व्हर्टर बसवून घेतला. त्या दिवसापासून आजपर्यंत एकही पाकीट मी स्वतः पट्टी बघितल्याशिवाय पुढे केलेलं नाही, हेही लिहून ठेवते. तुला माहीत नसेल म्हणून. असं मला तेव्हा वाटायचं, की तुला माहीत नसेल.

मग नरसिंगराव पुन्हा आले. टाके बघायला नव्हे, ते तर आधीच झालं होतं. दात साफ करायला आले, माझ्याकडे, तू अंबरपेठेत हजर असताना! सहा महिन्यांनी पुन्हा आले. पुन्हा सहा महिन्यांनी. तुला फोन करून मी किती नाक वर करून सांगितलं होतं, "तुझा तारनाक्याचा पेशंट आता माझा झाला बरं का." तू म्हणालीस, "बरं झालं. हात चांगला आहे तुझा." मला वाटलं, जळलीस. निदान एकदा तरी जळलीस. त्या आनंदावर मी चार वर्षं काढली. शेकडो पेशंट तू माझे नेलेस, आई नेलीस, पण एक मी तुझा आणला, आणि तोही ज्याच्याशी मी खोटं बोलले होते तो. याचा अर्थ मी असा लावला की त्यांनी माझं म्हणणं खरं मानलं आणि प्रकरण मिटलं.

मग तुझं दुखणं कळलं आणि आठ आठवड्यांत सगळं आटोपलं. शेवटचं मी तुला भेटले ते तुझ्या घरी, तू खिडकीकडे तोंड करून पडली होतीस. हात किती बारीक झाले होते तुझे. मी वेड्यासारखी हैदराबादच्या उन्हाळ्याबद्दल बोलत होते. मध्येच तू म्हणालीस, "शैला, तुला मला काही सांगायचंय का?"

"काही नाही ग. तू आधी बरी हो."

"मग राहू दे," तू म्हणालीस. आणि थोड्या वेळाने, डोळे मिटूनच, "नरसिंगरावांची तारीख आलीय पुढच्या महिन्यात. विसरू नको."

मला काय वाटलं सांगू? वाटलं, बघा, मरतानासुद्धा हिचा जीव पेशंटमध्ये. माझ्या पेशंटमध्ये! रिक्षात बसून घरी येताना मी रडत होते आणि चिडलेलीही होते.

तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी यादम्मा दोन खोकी घेऊन माझ्या दारात उतरली. तुझी सगळी कार्डं. "अम्मा बोले थे," ती डोळे पुसत म्हणाली, "सब शैलम्मा को देना. पेशंट पूछे तो उधर भेजना." आयुष्यभर ज्या पेशंटांवर माझा डोळा होता ते तू खोक्यात भरून मला पाठवलेस. मी यादम्माला चहा दिला, आलं घालून. मग दार लावून कार्डं लावायला बसले, आणि खोटं कशाला बोलू, आधी मोजली.

नरसिंगरावांचं कार्ड तिसऱ्या गठ्ठ्यात होतं. काळी पट्टी, तारीख. काळी पट्टी, तारीख. तीन पानं भरून. आणि सगळ्यात खाली एक गुलाबी.

कडेला जराशी करडी.

मी ती ओळखली, विजू. माझीच होती. त्या दिवशी खुर्चीतून उठताना त्यांनी फाडलेलं पाकीट खिशात घातलं असणार. पुरावा म्हणून नाही. तुझ्याकडे पट्टी कार्डावर चिकटवायची असते, म्हणून. एवढंच त्यांना ठाऊक होतं. तू आल्यावर ते ती चिकटवायला घेऊन आले, आणि तू चिकटवलीस. तारखेसकट, इतर पट्ट्यांसारखीच. पुढे एक शब्द लिहिला नाहीस. फक्त मागे रक्ताचे तीन रिपोर्ट टाचून ठेवलेस. तू परत आलीस त्याच आठवड्याचा, तीन महिन्यांनंतरचा, सहा महिन्यांनंतरचा. तिन्ही स्वच्छ.

मी जमिनीवर बसून होते. आई येऊन विचारून गेली, काय झालं? मी म्हटलं, काही नाही.

आता मला तुझ्याशी हे भांडायचंय आणि तू चहा ओतायला उठायचं नाहीस. लाडू घेऊन आलीस तेव्हा तुला माहीत होतं. सहा महिने तू एकटीने त्या रिपोर्टांची वाट बघितलीस, आणि मी इकडे स्वच्छतेची पाटी पुसत होते. का नाही बोललीस? मला कॉलर धरून हलवायला हवं होतंस. एखादा रिपोर्ट वाईट आला असता तर? तेव्हा तरी सांगितलं असतंस का मला? चूक माझी, पेशंट माझ्या खुर्चीतला, मग भीती तुझ्या वाट्याला का? तू माझे पेशंट नेलेस, आई नेलीस, आणि वर माझी भीतीसुद्धा नेलीस. मी चिडलेय तुझ्यावर. कुणी आपल्याला एवढं सांभाळून घ्यावं आणि आपल्याला पत्ताही लागू नये, हा मला अपमान वाटतो. आणि हे लिहितानाच मला कळतंय की तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणी ती पट्टी बघितली असती तर आज माझ्या दवाखान्याला कुलूप असतं. तीही बाजू आहे. दोन्ही एकदम वाटतंय आणि कुठलंच कमी होत नाही.

आज सकाळी नरसिंगराव आले. ठरलेल्या वेळी, छत्री घेऊन. तुझ्याबद्दल दोन शब्द बोलले, डोळे टिपले, खुर्चीत बसले. मी त्यांच्यासमोर हात धुतले. अलीकडे मलाही वेळ लागतो. मग खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसले आणि तुझ्याकडचं त्यांचं कार्ड त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"नरसिंगरावजी," मी म्हटलं, "कंपनी अलग नहीं थी. मैं झूठ बोली."

पुढचं मला नीट बोलता आलं नाही. करंट गेला होता, यंत्र पुरं झालं नव्हतं, मला ठाऊक होतं, तरी दिलं, असं जमेल तसं सांगितलं. तपासणी करून घ्या हे सांगायची जबाबदारी माझी होती आणि मी गप्प बसले, हेही सांगितलं.

मग त्यांनी त्या गुलाबी पट्टीवर बोट ठेवलं.

"मालूम है, डॉक्टरम्मा. मैं पट्टी लेके गया, विजयम्मा उसी दिन बोल दिए. खून की जाँच करना पडता बोले. मेरेकु भौत गुस्सा आया. मैं बोला, अब उधर कदम नै रखता, उनकी कंप्लेंट करतूँ. विजयम्मा बोले, करो, तुम्हारा हक है. फिर बोले, एक काम मेरा भी करो. उधरइच जाओ."

"मेरे पास? क्यों?"

"बोले, अब वहाँ पट्टी गुलाबी नै निकलती. देख लेना. और शैलम्मा खुद बोलेंगे तुमको. नै बोले, तब तक जाते रहो." ते जरा हसले. "मैं पूछा, कित्ते दिन? बोले, वो मेरेकु भी नै मालूम."

चार वर्षं, विजू. आठ वेळा तो माणूस माझ्या खुर्चीत येऊन बसला. दर वेळी मी पाकीट दिलं, त्यांनी उजेडात धरून पट्टी बघितली, फाडलं, आणि मी बोलते का याची वाट बघितली. मी उन्हाळ्याबद्दल बोलले. आणि माझ्या आयुष्यात तुझ्याकडून जिंकलेला तो एकुलता एक पेशंट तूच पाठवला होतास. तेवढंही माझं ठेवलं नाहीस! शेवटच्या भेटीत मला विचारलंस तेव्हा तुलाही वाट बघायला फार दिवस उरले नव्हते, हे तुला माहीत होतं. मी म्हटलं, काही नाही.

होतं ग. हेच होतं. तू असताना सांगितलं असतं तर तू काय म्हणाली असतीस ते मला आता कधीच कळणार नाही, आणि नरसिंगरावांना मात्र त्यांच्या वाट्याचं ऐकायला मिळालं. त्यांचाही हेवा वाटला मला.

मी उठले, यंत्रातून पाकीट आणलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पट्टीकडे बघितलंच नाही. "अब क्या देखना," म्हणाले, आणि पाकिटाचं टोक फाडायला चिमटीत धरलं.

मी त्यांचा हात धरला.

"नहीं," मी म्हणाले. "चष्मा लगाओ. पट्टी देखो. मग पाकीट तुम्हीच फाडा."

शब्द तुझे होते, अर्धे हिंदी, अर्धे मराठी, तुझ्याच त्या चेंगट चालीतले, आणि विजू, तेव्हासुद्धा माझ्या आधी तूच बोलून गेली होतीस याचा मला राग आला. त्यांनी चष्मा लावला, पट्टी खिडकीच्या उजेडात धरली आणि अगदी सावकाश बघितली. मी थांबले. बाहेर तिघं बसले होते. त्यांनाही थांबायला सांगितलं.